एस्कोरियल आणि व्हर्साय: दोन राजे, दोन शेजघरं

दोन्ही राजवाडे अवाढव्य, पण राजा झोपायचा कुठे हे पाहिलं की फरक कळतो. माद्रिदजवळचं एस्कोरियल स्पेनचा राजा दुसऱ्या फिलिपने १५६३ ते १५८४ या काळात बांधून घेतलं. करड्या ग्रॅनाइटच्या भिंतींआड राजवाडा, मठ आणि राजघराण्याचं दफनस्थान, सगळं एकत्र. फिलिपची खोली साधी, चर्चला लागून. अंथरुणातूनच वेदी दिसावी अशी सोय. राजा म्हणजे देवाचा कारभारी, आणि कारभार चालायचा एकांतात, कागदांच्या ढिगाऱ्यात.

फ्रान्सच्या चौदाव्या लुईने नेमकं उलट केलं. लहानपणी सरदारांचं बंड पाहिलेल्या या राजाने १६८२ मध्ये दरबार पॅरिसबाहेर व्हर्सायला हलवला. १७०१ मध्ये त्याचं शेजघर महालाच्या ऐन मध्यावर आलं. सकाळी उठणं हाही सोहळा! राजाच्या हाती सदरा देण्याच्या मानासाठी मोठमोठे सरदार झुरायचे. बंडाचा विचार करायला फुरसत कुणाला? देव इथेही आहेच, पण राजवाड्यातलं आताचं चॅपल, म्हणजे प्रार्थनाघर, तिथल्या आरसेमहालानंतर (आरशांनी सजवलेल्या दालनानंतर) पाव शतकाने, १७१० मध्ये पूर्ण झालं.

राजकारण म्हणून लुईची युक्ती मला सरस वाटते. राहायला मात्र एस्कोरियल बरं. निदान डोळे उघडताच समोर गर्दी नाही.