बाबांचं पंचवीस बोअर कोल्ट : घ्यावं का, ठेवावं का, भरवसा किती

ग्वाल्हेरात राहणाऱ्याला बंदुकीचं नवल नसतं, आमच्या लश्कर भागातल्या गल्लीतच चार घरांत बारा बोअर आहे आणि लग्नाच्या वरातीत खांद्यावर दुनाली घेतलेला कोणी दिसला नाही तर चुकल्यासारखं वाटतं, पण छोटं पिस्तूल म्हटलं की सगळ्यांचे डोळे चमकतात. बाबांचं कोल्ट माझ्या नावावर झाल्यापासून मला निदान दहाबारा जणांनी विचारलंय की असलं जुनं, कंपनीने बंद केलेलं पिस्तूल घ्यावं का, एवढे पैसे द्यायच्या लायकीचं आहे का. प्रत्येकाला तोंडी सांगून दमले म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

पिस्तूल आहे कोल्टचं १९०८ मॉडेल, ज्याला व्हेस्ट पॉकेट म्हणतात. पंचवीस बोअर म्हणजे ६.३५ एमएम. डिझाइन जॉन ब्राउनिंगचं, तेच डिझाइन बेल्जियमच्या एफएन कंपनीने आधी काढलं होतं आणि मग अमेरिकेत कोल्टने १९०८ ते १९४८ बनवलं, चार लाखांच्या वर पिस्तुलं निघाली. लांबी साडेचार इंच, नळी दोन इंचाची, रिकामं असताना वजन पावणेचारशे ग्रॅमच्या आत, मुठीत बसणाऱ्या मॅगझिनमध्ये, म्हणजे गोळ्यांच्या डबीत, सहा गोळ्या. आजोबांनी मुंबईहून घेतलं होतं, ग्वाल्हेरच्या शिंदे संस्थानाच्या महसूल खात्यात होते, वसुलीचे पैसे घेऊन भिंड-मुरैनाकडे फिरायचे. त्यांच्यानंतर बाबांच्या नावावर आलं. बाबांनी चाळीस वर्षांत ते फक्त दसऱ्याला पूजेत ठेवलं आणि वर्षातून एकदा तेल दिलं, एवढंच.

आधी चांगलं सांगते. हातात घेतलं की कळतं की हे काम वेगळ्या जमान्यातलं आहे. स्लाइडवरचा, म्हणजे वरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागावरचा, निळा रंग कडांना उडून खालचं लोखंड चांदीसारखं दिसायला लागलंय, पण स्लाइड आणि फ्रेमच्या मध्ये अजून नखसुद्धा जात नाही. मूठ इतकी आखूड की माझी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दोन्ही हवेत राहतात. मुठीच्या मागे ग्रिप सेफ्टी आहे, ती दाबली गेल्याशिवाय खटका ओढला जात नाही, डाव्या बाजूला अंगठ्याची सेफ्टी, आणि १९१६ पासूनच्या पिस्तुलांत तिसरी सोय आली की मॅगझिन बाहेर काढलं की खटका चालत नाही. आमच्यात तिन्ही आहेत आणि तिन्ही चालतात. तरी कोणी या तिसऱ्या सोयीवर भरवसा ठेवून चेंबर, म्हणजे नळीच्या मागची गोळी बसायची जागा, न बघता पिस्तूल हाताळू नये, शंभर वर्षं जुनी स्प्रिंग आहे ती, मॅगझिन काढा आणि स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी बघा, दरवेळी.

आता चेंबरचा विषय निघालाच आहे तर सांगते, कारण हीच गोष्ट लोकांना पटत नाही. यात बाहेर दिसणारा घोडा नाही, आत स्ट्रायकर म्हणजे गोळीच्या बुडावर आदळणारी पिन आहे, आणि चेंबरमध्ये गोळी भरली की स्ट्रायकर मागे ताणलेला राहतो. आजच्या बहुतेक पिस्तुलांत ही फायरिंग पिन अडवणारा वेगळा ब्लॉक असतो, खटका पूर्ण ओढल्याशिवाय पिन पुढे जाऊच शकत नाही. या जुन्यांत तसं काही नाही. सेफ्टी लावलेली असली तरी आतला सिअर, म्हणजे स्ट्रायकर अडवून धरणारा दात, झिजलेला असेल आणि पिस्तूल फरशीवर पडलं तर काय होईल हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. म्हणून खिशातलं पिस्तूल म्हणून ते बनवलं असलं तरी चेंबर रिकामं ठेवूनच बाळगायचं, आणि चेंबर रिकामं म्हणजे वेळ आली तर दोन हात लागणार, स्लाइड ओढायला वेळ लागणार. ज्याला स्वसंरक्षणासाठी हवंय त्याने पैसे मोजायच्या आधी याचा विचार करावा.

दुसरं, मला सगळेजण म्हणतात की लेडीजसाठी छोटं पिस्तूल बरं. हे म्हणणारे बहुतेक पुरुष असतात आणि त्यांनी ते कधी ओढून बघितलेलं नसतं. छोट्या पिस्तुलाची स्लाइड हलकी असते, मग गोळीचा धक्का थोपवायला आत स्प्रिंग कडक लागते, आणि पकडायला जागा म्हणजे बोटाच्या एका पेराएवढी. माझ्या हाताला तेल असलं की स्लाइड निसटते. माझी चाळिशी उलटली, बोटं कधीकधी आखडतात, त्या दिवशी तर मला ती पूर्ण मागे जातच नाही. नेम धरायला वर डोळ्याला दिसेल अशी माशीसुद्धा नाही, स्लाइडच्या पाठीवर एक बारीक खोबण आहे, तिच्यातून बघायचं. बाईसाठी सोपं म्हणून कोणी हे विकत असेल तर त्याला आधी दुकानातच मॅगझिन काढून दहा वेळा स्लाइड ओढायला लावा आणि मग स्वतः दहा वेळा ओढा.

ताकदीचं म्हणाल तर पंचवीस बोअरची गोळी पन्नास ग्रेनची, म्हणजे सव्वातीन ग्रॅम. बत्तीस बोअरची, म्हणजे ७.६५ ची, एकाहत्तर ग्रेन, आणि जोर साधारण दुप्पट. पंचवीसची एक गोष्ट मात्र खरंच चांगली आहे. बावीस बोअरमध्ये मसाला बुडाच्या कडेत असतो आणि मिसफायर जास्त होतात, पंचवीसमध्ये ठिणगी देणारी टोपी बरोबर मध्यभागी बसते, शिवाय बुडाची कडा जेमतेम बाहेर असते त्यामुळे मॅगझिनमध्ये गोळ्या एकमेकींत अडकत नाहीत. एवढ्या छोट्या पिस्तुलासाठी वेगळं काडतूस काढलं ते याचसाठी, आणि ते चालतं पण, फक्त काडतूस ताजं पाहिजे. बाबांच्या डब्यात जुन्या गोळ्या होत्या, किती जुन्या ते डब्यावरून कळत नव्हतं, पितळ काळं पडलेलं. रेंजवर त्यातल्या सात मारून बघितल्या तर दोन उडाल्याच नाहीत. उडाली नाही की लगेच स्लाइड ओढायची नाही, नळी समोर टार्गेटकडे धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं, कधीकधी मसाला उशिरा पेटतो. रेंजच्या उस्तादांनी हे मला तीनदा बजावलं आणि त्यांचं बरोबर होतं.

आता खरी कहाणी, जिच्यामुळे माझं या पिस्तुलाबद्दलचं मत एकदा बिघडलं आणि मग सुधारलं.

बाबा गेले तेव्हा नियमाप्रमाणे पिस्तूल जमा करावं लागलं, मी वारस म्हणून अर्ज केला, भावाने आणि आत्याने ना-हरकत लिहून दिली, शस्त्र हाताळायच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट केलं, कलेक्टोरेटच्या चकरा झाल्या, आणि या सगळ्यात आठ महिने पिस्तूल एका दुकानदाराकडे जमा होतं. लायसन्स हातात आलं तेव्हा मी आणि मामा जाऊन घेऊन आलो. ताज्या गोळ्या घेतल्या, मिळायलाच दोन महिने लागले कारण पंचवीस बोअर आमच्याकडे दुकानात क्वचित असतं आणि असलं तर बाहेरचं, महागडं. बत्तीसचं तसं नाही, ते आपल्या खडकीच्या फॅक्टरीतलं मिळतं.

तर रेंजवर गेलो, सात मीटरवर कागद लावला, पहिली गोळी गेली, दुसरी गेली, तिसरीला स्लाइड अर्ध्यावर. बघते तर गोळीचं नाक वर जायच्या ऐवजी नळीच्या तोंडाखाली रुतलेलं. काढलं, परत भरलं, परत तेच. वीस गोळ्यांत सहा वेळा अडकलं. मला इतकं वाईट वाटलं, बाबा म्हणायचे की आजोबांच्या हातात हे कधी अडलं नाही आणि मी म्हटलं झालं, म्हातारं झालं, आता कपाटात ठेवायचं. उस्तादांनी मॅगझिन हातात घेतलं, उलटं केलं आणि विचारलं, "ताई, हे यातलंच आहे का?" मी म्हटलं हो, असं का विचारता. ते म्हणाले कोल्टच्या मॅगझिनच्या तळाला कंपनीचं नाव आणि २५ कॅलिबर कोरलेलं असतं, हे तर कोरं आहे, आणि याचे ओठ बघा, वर गोळी धरणाऱ्या पट्ट्या, एक जास्त उघडलीये.

घरी येऊन बाबांची वही काढली. बाबांना सगळं लिहून ठेवायची सवय होती, पिठाच्या गिरणीचा हिशोबसुद्धा त्यात आहे. लायसन्स नंबर, पिस्तुलाचा नंबर, आणि खाली पेन्सिलने मॅगझिनच्या तळाचं चित्र काढलेलं, दोन ओळी अक्षरांसकट. म्हणजे आमचं मॅगझिन बदललं गेलं होतं. वही घेऊन मामांबरोबर त्या दुकानात गेले. दुकानदार आधी म्हणाले असं होतच नाही, मग म्हणाले तुमच्या वडिलांनीच बदललं असेल, मग मामांनी शांतपणे खुर्ची ओढली आणि म्हणाले आम्ही बसतो, तुम्ही शोधा. तासाभराने एका ड्रॉवरमधून मिळालं. चुकून झालं म्हणाले. असेलही चुकून, मी त्यात पडले नाही, पण ओरिजिनल मॅगझिन आज मिळवायचं म्हणजे काय हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहिती होतं.

पुढच्या महिन्यात त्याच पिस्तुलाने, त्याच डब्यातल्या गोळ्यांनी, तीस राउंड मारले. एकदा अडकलं, तेही अठ्ठावीसाव्या गोळीला, तेव्हा आत बऱ्यापैकी काजळी धरली होती. सात मीटरवर सगळ्या गोळ्या तळहाताएवढ्या जागेत. स्लाइडने मात्र अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसाला बारीक चावा घेतला, मूठ वर धरली की चावतंच.

म्हणून जो कोणी बंद झालेलं छोटं पिस्तूल बघायला जाईल त्याला माझं सांगणं आहे की स्लाइडवरचं नाव नंतर वाचा, आधी मॅगझिन बघा. तळाला काय कोरलंय, ओठ सरळ आहेत का, स्प्रिंग शेवटच्या गोळीपर्यंत जोर देते का. मग रिकॉइल स्प्रिंग, स्ट्रायकरची स्प्रिंग, आणि नळीच्या आत टॉर्च. आणि पॉलिश बघून भुलू नका. नवीन निळं किंवा निकल केलेलं पिस्तूल असेल तर कोरलेली अक्षरं बघा, कडा गोल झाल्या असतील तर कोणीतरी घासलंय, आणि ज्याने बाहेरून घासलं त्याने आत खटका हलका करायला सिअर घासला नसेल कशावरून. एफएन, कोल्ट, वेब्ली, वाल्थर यांचं काम एकसारखं पक्कं असायचं. स्पेनच्या एइबार गावात ब्राउनिंगच्या डिझाइनच्या नकला ढिगाने बनल्या, काही उत्तम, काही अगदी मऊ लोखंडाच्या, त्या एकेक तपासूनच घ्याव्या लागतात.

किमतीचं बोलायचं तर आपल्याकडे पिस्तुलाची किंमत पिस्तुलाची नसतीच, बंद दरवाजाची असते. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्य लायसन्सवाल्याला बाहेरून हत्यार आणता येत नाही, त्यामुळे देशात जेवढी विलायती पिस्तुलं आहेत तीच या हातातून त्या हातात फिरतायत. जर्मनीचं जुनं वाल्थर पीपीके बत्तीस बोअरमध्ये कोणी काढलं की लोक लाखांत बोली लावतात आणि ते मला समजतं, डबल अॅक्शन आहे म्हणजे नुसता खटका ओढला की घोडा स्वतःच मागे जाऊन पडतो, घोडा सुरक्षित खाली उतरवता येतो, चेंबरमध्ये गोळी आहे हे मागे हाताला लागणाऱ्या पिनेवरून कळतं. कोल्टचं १९०३ मॉडेल पण बत्तीसचं, आठ गोळ्यांचं, घोडा आत लपवलेला, वजन पावणेसातशे ग्रॅम, खिशापेक्षा कमरेचं, पण तेवढ्या वजनामुळे हातात स्थिर राहतं. ही दोन, नीट तपासून, परवडत असतील तर घ्यावीत असं मला मनापासून वाटतं. पण पंचवीस बोअरला मला एकाने सव्वा लाख सांगितले, विकता का म्हणून. कोणी मला त्याच भावाला दुसरं देऊ केलं तर मी घेणार नाही. २०१४ साली कानपूरच्या फॅक्टरीने निर्भीक रिव्हॉल्वर काढलं तेव्हा त्याची किंमत साधारण तेवढीच होती, पाचशे ग्रॅमचं, बत्तीस बोअर, गोळ्या सहज मिळतात, मॅगझिन नाहीच तर बदलायची भीती नाही. खरंच वापरायला हवं असेल तर रिव्हॉल्वर घ्यावं. आणि २०१९ च्या कायद्यापासून माणशी दोनच हत्यारं ठेवता येतात, त्यातली एक जागा पंचवीस बोअरने अडवायची का हे ज्याने त्याने बघावं.

ज्यांच्या घरात आजोबा-वडिलांचं आहे त्यांनी मात्र घाईने विकू नका. मी विकणार नाही. आमचं आता रेंजवर वर्षातून दोनदा जातं, दर वेळी पंधरा-वीस राउंड, घरी येऊन पूर्ण उघडून साफ, आणि मॅगझिन रिकामं ठेवते म्हणजे स्प्रिंग आणि ओठांवर कायमचा ताण राहत नाही.

२०२३ च्या विधानसभा निवडणुकीच्या आधी सगळ्यांसारखं आम्हीपण पिस्तूल ठाण्यात जमा केलं. हवालदार साहेब पावतीवर नुसतं "पिस्टल एक नग" लिहीत होते. मी बाबांची वही उघडून समोर ठेवली आणि म्हटलं, दादा, मॅगझिनच्या तळावरची अक्षरंपण लिहा ना. त्यांनी चष्मा लावला, मॅगझिन उजेडात धरलं आणि एकेक अक्षर वाचून लिहिलं.