शॉर्ट ट्रॅक की लाँग ट्रॅक?

कॅनडातल्या कॅल्गरीत राहणाऱ्या मावसबहिणीचा प्रश्न: लेकीला स्पीड स्केटिंगला, म्हणजे बर्फावरच्या स्केटिंगच्या शर्यतींना घालायचंय, पण दोन प्रकारांपैकी कशात?

आधी बर्फ. शॉर्ट ट्रॅकची फेरी १११.१२ मीटरची, आइस हॉकीच्या रिंकमध्ये मावते. लाँग ट्रॅकला ४०० मीटरचं ओव्हल (लंबगोल ट्रॅक) लागतं, आणि छताखालची अशी ओव्हल कॅनडात मोजकीच. तुमच्या गावात १९८८च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेलं आहे, म्हणून तर हा पेच!

स्केट्सही वेगळे. लाँग ट्रॅकच्या क्लॅप स्केटमध्ये टाच पात्यावरून सुटते, त्यामुळे पातं बर्फावर जास्त वेळ टिकतं. शॉर्ट ट्रॅकचं पातं घट्ट, डावीकडे सरकवलेलं; वळणावर पार आडवं झालं तरी बूट घासत नाही.

पडापडी मात्र शॉर्ट ट्रॅकची. २००२च्या सॉल्ट लेक ऑलिम्पिकमध्ये १००० मीटरच्या अंतिम फेरीत शेवटच्या वळणावर पुढचे चौघे कोसळले, मागे राहिलेला ऑस्ट्रेलियाचा ब्रॅडबरी सुवर्ण घेऊन गेला. कॅनडाच्या मॅथ्यू टरकॉटला कांस्य. लाँग ट्रॅकवर लढत घड्याळाशी. कॅनडाच्याच सिंडी क्लासेनने २००६ला तुरीन ऑलिम्पिकमध्ये ५ पदकं मिळवली ती अशीच.

पोरगी धसमुसळी, डावपेचात रमणारी असेल तर शॉर्ट ट्रॅक. एकटीने सेकंद कमी करत बसणारी असेल तर लाँग. ठरतच नसेल तर शॉर्टपासून सुरू करा. तिथली बरीच मुलं तेच करतात.