रेडियल प्लेट: सात महिने आणि एक पावसाळा

हॅम रेडिओच्या चाळीस मीटर बँडवरच्या व्हर्टिकलचा (उभ्या अँटेनाचा) एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेना किती जुळतात याचं माप, १ म्हणजे उत्तम) ऐन पावसाळ्यात १.४ वरून १.१ वर आला, तर पेढे वाटू नका. आधी रेडियल प्लेटचे, म्हणजे जमिनीवर पसरलेल्या तारा (रेडियल) अँटेनाच्या पायथ्याशी जिथे जोडतात त्या पत्र्याचे बोल्ट बघा. खालची जमीन आदर्श असेल तर पाव तरंगलांबीच्या व्हर्टिकलचा रोध ३६ ओहमच्या आसपास असतो, म्हणजे ५० ओहमच्या केबलवर एसडब्ल्यूआर १.४. तो आपोआप 'सुधारला', तर वाढलेले ओहम माती आणि गंजाचे. पन्नासातले चौदा तिकडे गेले की शंभर वॅटमधले २८ वॅट गांडुळांना.

प्लेटबद्दल तक्रार नाही. ३०४ स्टेनलेस, ३ मिमी जाड, २४ भोकं. अजून डाग नाही. तक्रार सोबतच्या बोल्टांची. 'एसएस हार्डवेअर' म्हणून दिलेले एम-६ बोल्ट लोखंडी निघाले, वर जस्ताचा मुलामा. लोहचुंबक टपकन चिकटतो. एवढा मोठा स्टेनलेसचा पत्रा, तांब्याचा लग (तारेच्या टोकाला बसवायचं कडं) आणि जून ते सप्टेंबरची ओल, यात जस्त आधी जातं, मग लोखंड. वायसरखाली गंज बसतो. मल्टिमीटरचा बीप तरीही वाजतो, त्यावर जाऊ नका. तार हलवल्यावर रिसीव्हरमध्ये खरखर आली तर तो जोड गेला.

पुण्याच्या बोहरी आळीतून खरे स्टेनलेस नट-बोल्ट आणा, चार जणांच्या मिसळीच्या खर्चात काम होतं. क्रम असा: खालून बोल्ट, प्लेट, तिला थेट टेकलेला लग, साधा वायसर, स्प्रिंग वायसर, नट. दहा नंबरचा पाना. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं आवळलं की नट जाम होतो आणि मग करवतच लागते. आट्यांना थोडं ग्रीस लावाच. लग आधी क्रिंप (तारेवर दाबून घट्ट), मग थेंबभर सोल्डर, वर हीट-श्रिंक नळी.

२४ भोकं आधी चैन वाटली होती. ते मत मागे. एका बोल्टावर चार-चार लग कोंबले की मधला एक सैल राहतोच; इथे प्रत्येकाला स्वतःचा बोल्ट मिळतो. तापकीर गल्लीत मिळणाऱ्या दीड एमएमच्या तारेच्या ९० मीटर बंडलात पाच मीटरचे १८ रेडियल बसतात. दहा मीटरचे नऊ करण्यापेक्षा हेच बरं, कारण जमिनीवर पडलेल्या तारेला लांबीचं सोवळं नसतं, संख्या महत्त्वाची.

काळी माती असेल तर प्लेटजवळ वीतभर ढील ठेवा. मे महिन्यात ती भेगाळते आणि तार लगातून उपसते. मुरमात खणत बसू नका, जीआय तारेचे यू-पिन ठोकून गवतावर सोडा.

विक्रेत्याचं उत्तर: "बोल्ट वॉरंटीत येत नाहीत." प्लेट पुन्हा घेईन. गंजके बोल्ट मात्र पुडीत बांधून त्यालाच परत.