कथलाचे छर्रे: गुहागरच्या खाऱ्या हवेत आठ महिने

नोव्हेंबर ते जून असे आठ महिने ४.५ मिमीचे बिनशिशाचे छर्रे दोन एअर रायफलींतून वापरले. एक नळी मोडून भरायची स्प्रिंगची, दुसरी हवा भरायची पीसीपी. जागा घरामागचं परसू, अंतर बहुतेक १० मीटर, अधूनमधून २५. परसात १० मीटरवर सराव करायचा असेल तर कथीलच घ्यावं, असं आता ठाम मत झालंय. २५ मीटरवर, दुपारच्या वाऱ्यात मात्र शिशाला अजून तोड नाही.

कथील म्हणजे कल्हईवाला पितळेच्या भांड्याला लावतो तेच. शिशाची घनता ११.३, कथलाची ७.३. नेहमीचा मॅच (स्पर्धेतला, सपाट डोक्याचा) छर्रा शिशात ०.५३ ग्रॅम भरतो, तोच आकार कथलात ०.३४ वर येतो. पुढचं सगळं चांगलं-वाईट या एका फरकातून निघतं. शिकारीच्या रायफलींसाठी परदेशात तांब्याच्या गोळ्या निघाल्या, त्यांचंही गणित हेच: धातू हलका, म्हणून तेवढंच वजन हवं तर गोळी लांब करावी लागते.

पीसीपीत ०.५३ चा शिशाचा छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास जातो, ०.३४ चा कथलाचा २०५ च्या. वेग वाढला तरी ऊर्जा ७.७ ज्यूलवरून ७.१ वर उतरते. १० मीटरवर कागदाला याचं काही नसतं. भोक तेवढंच स्वच्छ पडतं, पाच छर्ऱ्यांचा गट, म्हणजे कागदावरच्या पाच भोकांचा झुबका, शिशाइतकाच घट्ट येतो. फक्त नेम नव्याने बसवावा लागतो. पाव मिनिटाच्या (हे मिनिट कोनाचं, अंशाचा साठावा भाग) स्कोपची एक टिचकी १० मीटरवर जेमतेम ०.७ मिमी सरकवते, तेव्हा टिचक्या मोजून वहीत लिहून ठेवा. नाहीतर दर वेळी धातू बदलला की अर्धी डबी नेम लावण्यातच जाते.

स्प्रिंगच्या रायफलीत गोष्ट वेगळी आहे आणि नुकसान इथेच होतं. या रायफलीत पिस्टन पुढे धावतो आणि शेवटच्या क्षणी दाबलेल्या हवेची गादी त्याला थोपवते. छर्रा फार हलका असला तर तो आधीच सुटतो, गादी तयार होत नाही आणि पिस्टन सिलिंडरच्या तोंडावर जाऊन आदळतो. खटका कोरडा, धातूवर धातू आपटल्यासारखा आला की समजावं. असंच चालू ठेवलं तर आधी सील जातं, मग स्प्रिंग. म्हणून जोरदार स्प्रिंगच्या रायफलीत ०.३४ चा छर्रा घालूच नये. कथलातच ०.४२ ग्रॅमचे जड छर्रे मिळतात, ते घ्यावेत.

दुसरी अडचण मापाची. शिसं मऊ असल्याने हवेचा दाब आला की छर्ऱ्याचा मागचा घेर फुलून नळीला चिकटतो. स्वस्त रायफलींच्या नळ्या थोड्या सैल असल्या तरी शिसं हे सांभाळून घेतं, कथील तेवढं फुलत नाही. म्हणून डोक्याचं माप बघूनच डबी घ्या. ४.५० पासून ४.५२ पर्यंतची मापं वेगवेगळी विकली जातात. परीक्षा सोपी आहे. छर्रा आपोआप घरंगळत आत गेला तर तो सैल, त्या नळीत चालणार नाही. अंगठ्याने दाबल्यावर कडेशी सपाट बसला तर बरोबर. अंगठा दुखेपर्यंत दाबूनही वर राहत असेल तर नख लावू नका, घेर वाकडा होतो आणि तो छर्रा कागदाच्या बाहेर जातो. पेनच्या टोपणाचं गोल टोक वापरा.

वजन तपासायचं असेल तर ०.०१ ग्रॅमचा काटा कामाचा नाही. ०.३४ मध्ये ०.०१ म्हणजे तीन टक्के, तेवढ्या चुकीत निवड करण्याला अर्थ नाही. मिलिग्रॅमचा काटा हवा.

शिशावरून कथलावर येताना नळी धुणं टाळू नका. नळीच्या चरांत शिशाचा थर बसलेला असतो, त्यावरून कडक छर्रा गेला की गट विस्कटतो. तंगूस दुहेरी करून मागून ओवावी, फासात सुती चिंधीचा तुकडा अडकवून पुढे ओढावा. पहिल्या चिंध्या काळ्या येतील. पांढरी येईपर्यंत ओढत राहा, आठ-दहा लागतात. त्यानंतरही तीस-चाळीस छर्रे जाईपर्यंत गट बसत नाही. पहिल्या डबीवरूनच छर्रे वाईट ठरवणारे बहुतेक इथे फसतात.

आता वारा. सकाळी मतलई असते तोवर २५ मीटरलाही कथील ऐकतं. दहा-अकरानंतर खारे वारे सुरू झाले की हलका छर्रा वेग लवकर गमावतो आणि शिशाच्या छर्ऱ्यापेक्षा जास्त बाजूला वाहतो. माडाची झावळी हलायला लागली की २५ चं फळकुट आवरून १० वर यावं.

मागचा आडोसा सर्वांत महत्त्वाचा. शिसं आदळलं की चपटं होतं, कथील उसळतं. उघड्या चिऱ्याच्या गडग्यापुढे कागद लावण्याची आपल्याकडे सवय आहे, ती कथलाला धोक्याची. जांभ्याच्या खळग्यांमुळे छर्रा कुठल्या दिशेला परतेल सांगता येत नाही. खोकं फूटभर खोल घ्या, आत काथ्या आणि जुने सुती कपडे ठासून भरा, मागे फळी, फळीमागे वाळूची गोण. लोखंडी पत्रा नको. गॉगल डोळ्यांवर हवाच, बघणाऱ्याच्याही.

एवढा खटाटोप का, तर छर्रा शेवटी कुठे राहतो यासाठी. जांभ्याची माती आम्लधर्मी, त्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, आणि परसातच विहीर. आम्लात शिसं जास्त विरघळतं. कोंबड्या खडे टिपतात, त्यात शिशाचा छर्राही गिळतात आणि तो पोटात दळला जातो. युरोपीय संघाने पाणथळ जागी काडतुसातले शिशाचे छर्रे फेब्रुवारी २०२३ पासून बंद केले, कॅलिफोर्नियाने शिकारीसाठी शिशाची काडतुसं जुलै २०१९ पासून, ते शिशाच्या विषापायीच. शिवाय खाऱ्या हवेत उघड्या डबीतल्या शिशावर पांढरी भुकटी धरते. ती विषारी असते आणि बोटांवरून तोंडात जाते. कथलाची डबी मिरगानंतरही जशीच्या तशी राहिली.

पावसाळ्यात रायफल मात्र गंजते, छर्रे कुठलेही असोत. रेक्झिनच्या पिशवीत ठेवू नका, आत दमट कोंडतं. वापर झाला की तेलाच्या फडक्याने बाहेरून पुसून सिलिका जेलसह कपाटात ठेवा. नळीत किंवा पिस्टनपुढे तेल सोडू नका. दाबलेल्या गरम हवेत ते पेटतं, धूर आणि मोठा आवाज येतो, सील जळतं. खोबरेल तर चिकट होऊन बसतं.

कथलाचा बाजारभाव शिशाच्या दहापट किंवा त्याहूनही जास्त असतो, त्यामुळे छर्रेही महागच पडतात. रोज शंभर मारणाऱ्याला हे जाणवेल.

वानर आणि डुकरांसाठी चालतील का, असं विचारलं जातं. नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिमीपर्यंतची आणि २० ज्यूलपर्यंतची एअर रायफल विनापरवाना ठेवता येते. पण वानर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, आणि एवढ्या ऊर्जेचा छर्रा जनावराला मारत नाही, जखम चिघळवतो. बागेतली नासधूस खरी आहे, पण तिचा इलाज हा नव्हे.

खोक्यात जमलेला धातू फेकू नका. शिशाचा डबा वेगळा, कथलाचा वेगळा, वर ठळक नाव. शिसं जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्या भंगारवाल्याला जातं. कथलाचा डबा कल्हईवाल्याला देण्याचा मोह होईल, देऊ नका. खोक्यातून आधी शिसं गेलेलं असेल तर त्याचे तुकडे कथलात मिसळलेले असतात, दोन्ही एकाच पातेलीत वितळतात, आणि मग ते आमटीच्या भांड्याला लागतं.