ह्मोंग पान्दाऊ: घ्या, पण धुवू नका बाप्पा

माझी भाची सेंट पॉलला राहते, मिनेसोटात. दिवाळीत नागपूरला आली तर सेंट पॉलच्या ह्मोंग मार्केटमधून (ह्मोंग म्हणजे लाओसकडचे डोंगरातले लोक) पान्दाऊ नावाचं भरतकामाचं एक कापड घेऊन आली, 45 डॉलरचं. मी म्हटलं, एवढ्यात तर इतवारीत दोन साड्या आल्या असत्या.

पण उघडून पाहिलं अन् गप्पच बसले. निळ्या कापडावर डोंगर, शेतं, वरून विमानं अन् खाली मेकाँग नदी, बाया पाठीवर लेकरं बांधून ती पार करून राहिल्या. लाओसच्या लढाईत ह्मोंगांमधले बरेच लोक अमेरिकेच्या बाजूनं होते म्हणून 1975 नंतर जीव घेऊन पळाले, अन् मग थायलंडच्या छावण्यांमधी बायांनी ही गोष्टीची कापडं विकायला भरायला घेतली, त्याच्याआधी पान्दाऊ म्हणजे नुसती नक्षी, शब्दाचा अर्थच फुलांचं कापड. ऑलिम्पिकवाली जिम्नॅस्ट सुनी ली पण ह्मोंगच, सेंट पॉलचीच, हे मला आत्ता कळलं.

टाके लय बारीक, मला आपल्या यवतमाळकडच्या बंजारा बायांचं काम आठवलं. फक्त बॉर्डर मशीनची आहे, तिथं थोडा मूड गेला. अन् मी हुशारी करून कोपरा धुतला तर लाल रंग पसरला ना, आता तो भाग फ्रेमच्या पट्टीखाली लपवलाय. इथं बर्डीच्या बाजारात काच लावून 900 रुपये गेले ते वेगळे.

5 पैकी 4 स्टार. एक कापलाय तो बॉर्डरचा, धुण्याचा नाही, ती चूक माझीच.