एनएसएसएम: सर्व्हिस बसते पटकन, परवानग्यांचं तुमचं तुम्ही बघा

भोसरीच्या वर्कशॉपमध्ये वजनकाट्याचं रीडिंग घेणारी पायथन स्क्रिप्ट असो की सदाशिव पेठेतल्या सीएच्या ऑफिसात रात्री बॅकअप काढणारा छोटा प्रोग्राम, गुरुवारी लाइट जाऊन आल्यावर कोणी लॉगिन केलं नाही तरी काम आपोआप सुरू व्हायला हवं. म्हणजे प्रोग्राम विंडोज सर्व्हिस म्हणून, लॉगिनशिवाय पडद्यामागे चालणारा, बसवणं आलं. एनएसएसएम (नॉन-सकिंग सर्व्हिस मॅनेजर) हे फुकट टूल नेमकं त्यासाठीच आहे.

साधी एक्सई विंडोजच्या स्वतःच्या 'एससी क्रिएट' कमांडने नुसतीच बसवली की सुरू करताना ३० सेकंदांनी एरर १०५३ येतो. सर्व्हिस मॅनेजरला जे उत्तर हवं असतं ते देणं त्या प्रोग्रामला ठाऊकच नसतं. बरेच जण हा परवानगीचा घोळ समजतात आणि फोल्डरवर 'एव्हरीवन'ला 'फुल कंट्रोल' देऊन टाकतात. एरर जागेवरच राहतो, वर फोल्डर सगळ्यांना मोकळा. एनएसएसएम दुभाष्यासारखं मध्ये उभं राहून ते उत्तर देतं, म्हणून १०५३ सुटतो.

२.२४ ही आवृत्ती २०१४ची. विंडोज १० क्रिएटर्स अपडेटपासून पुढे ती अडते, त्यामुळे २०१७ची २.२४-१०१ घ्या. प्री-रिलीज असली तरी टूलच्या साइटवर हीच वापरायला सांगितली आहे.

आता एरर ५, म्हणजे 'ॲक्सेस इज डिनाइड'. बसवतानाच आला तर कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडलेला नाही, विषय संपला. बसवून झाल्यावर, सुरू करताना आला तर मात्र नीट बघावं लागतं. विंडोजच्या नोंदीत सर्व्हिसची एक्सई म्हणून तुमचा प्रोग्राम नसतो, खुद्द एनएसएसएम असतं. ते डाउनलोड्स फोल्डरमध्येच ठेवून कमी अधिकारांचं खातं दिलं, तर त्या खात्याला तिथे शिरताच येत नाही. म्हणून ते आधी प्रोग्राम फाइल्समध्ये हलवा, मगच सर्व्हिस बसवा. पायथनचंही तसंच. नेहमीच्या पद्धतीने टाकलेलं पायथन त्या युजरच्या ॲपडेटामध्ये जातं. ते 'सर्व युजरसाठी' हा पर्याय निवडून टाका. पायथनच्या पिप या पॅकेज टूलने 'युजर' पर्याय देऊन घेतलेली पॅकेजेसही दुसऱ्या खात्याला दिसत नाहीत आणि 'मॉड्यूल सापडलं नाही' अशी तक्रार येते.

टूलचा खरा दोष इथे आहे. काही न निवडता ते सर्व्हिस लोकलसिस्टिम खात्यावर टाकतं. त्या खात्याला स्थानिक मशीनवर जवळपास सगळं खुलं, त्यामुळे परवानग्यांच्या चुका झाकल्या जातात. मग प्रोग्राम नॅसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या सामायिक स्टोरेजच्या डब्यावर, लिहायला गेला की अडतो. डोमेन (सगळ्या मशीनची खाती एका सर्व्हरवरून सांभाळणारी व्यवस्था) नसलेल्या छोट्या ऑफिसात लोकलसिस्टिमला नॅस ओळखत नाही. तुम्ही लॉगिन करून जोडलेला झेड ड्राइव्हही सर्व्हिसला दिसत नाही, तेव्हा दोन बॅकस्लॅशने सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पाथ द्या. नॅसवर आणि मशीनवर एकाच नावाचं, एकाच पासवर्डचं खातं करा आणि 'लॉग ऑन' टॅबमध्ये तेच घाला. पिन चालत नाही, पासवर्डच लागतो.

एवढं करून सर्व्हिस सुरू करताना एरर १०६९, म्हणजे खात्याने लॉग ऑन होत नाही, असा आला तर इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये बघा. तिथे नोंदीचा क्रमांक ७०३८ असेल तर नाव किंवा पासवर्ड चुकलाय. ७०४१ असेल तर खात्याला 'लॉग ऑन ॲज अ सर्व्हिस' हा हक्क नाही. विंडोजच्या सर्व्हिसेस खिडकीतून खातं घातलं की हा हक्क आपोआप मिळतो; 'एससी कॉन्फिग'ने घातलं की मिळत नाही. डोमेनच्या ग्रुप पॉलिसीत (सगळ्या मशीनना लागू होणाऱ्या ॲडमिनच्या नियमांत) हा हक्क कोणाला द्यायचा याची यादी ठरवलेली असेल तर दिलेला हक्क पुढच्या रिफ्रेशला पुन्हा जातो. तिथे ॲडमिनलाच गाठा.

नेटवर्कचं काही काम नसेल तर 'एनटी सर्व्हिस', बॅकस्लॅश आणि सर्व्हिसचं नाव असं व्हर्च्युअल खातं उत्तम. पासवर्डची जागा रिकामी सोडायची. फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमध्ये ते शोधून सापडणार नाही. लोकेशनला स्वतःचं मशीन निवडून नाव हाताने टाइप करा आणि 'मॉडिफाय' पुरेसं आहे.

टूल सर्वात उपयोगी पडतं ते आय-ओ टॅबमुळे, जिथे प्रोग्रामचं आउटपुट आणि एरर फाइलमध्ये वळवता येतात. प्रोग्राम दीड सेकंदाच्या आत बंद पडला तर सर्व्हिस 'पॉज्ड' दिसते, आणि खरं कारण तिथे कळत नाही. एररच्या रकान्यात लॉग फाइलचा पाथ दिला की खरी ओळ हाती लागते. पण ती फाइलही सर्व्हिसच्याच खात्याने उघडली जाते, तेव्हा लॉगच्या फोल्डरवर लिहायची परवानगी विसरू नका. स्टार्टअप डिरेक्टरी, म्हणजे प्रोग्राम ज्या फोल्डरमधून सुरू होतो तो, हीही तपासा. तरी उलगडलं नाही तर मायक्रोसॉफ्टचं प्रोसेस मॉनिटर हे टूल लावून 'ॲक्सेस डिनाइड' निकालावर फिल्टर करा. कुठली फाइल अडवतेय ते नावासकट दिसतं.

खिडकी उघडणाऱ्या प्रोग्रामसाठी हे घेऊ नका. विस्टापासून सर्व्हिसची खिडकी युजरच्या पडद्यावर येत नाही. त्यासाठी टास्क शेड्युलरमध्ये लॉगिनला चालणारं टास्क लावा.