टाँग टेस्टर दाखवून ट्यूबलाइट विकणाऱ्यांपासून सावध रहा

सोलापुरात आमचं शाळेच्या युनिफॉर्मचं शिलाई युनिट आहे, वर 24 ट्यूब, रोज दहा तास चालू. गोष्ट काही वर्षांपूर्वीची आहे, पण सध्या तोच प्रकार एलईडी पट्ट्यांच्या नावाने चाललाय असं एमआयडीसीतल्या ओळखीच्यांकडून कानावर आलं म्हणून सगळं लिहितोय.

एक जण बॅग घेऊन आला, बोलायला एकदम गोड. म्हणाला तुमच्या जाड ट्यूब काढा, बारीक टी-5 लावा, 28 वॅटची, जुन्याच पट्टीत बसते, बिल एक तृतीयांश होईल. आम्ही विश्वास ठेवत नाही म्हटल्यावर त्याने टाँग टेस्टर, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखं लावून करंट मोजायचं यंत्र, काढला आणि सगळ्यांसमोर जुन्या ट्यूबच्या वायरला लावला. 0.43 अँपिअर. मग नवी लावली, 0.14. लगेच मोबाईलवर गुणाकार, 230 गुणिले 0.43 म्हणजे 99, "बघा दादा, 36 वॅट म्हणून घेतलेली ट्यूब 99 वॅट खाते, आमची फक्त 32!" आकडा डोळ्यासमोर असतो ना, आमच्या वायरमनलाही पटलं.

आता खरी मेख ऐका. टेस्टर खरा होता, रीडिंगपण खरं होतं, खोटा होता तो हिशोब. तांब्याच्या चोकवर (पट्टीतला करंट आवरणारा जड भाग) चालणाऱ्या ट्यूबचा पॉवर फॅक्टर साधारण 0.5 च्या आसपास असतो, म्हणजे वायरीतून करंट भरपूर वाहतो पण खरी वीज त्याच्या निम्मीच वापरली जाते. 36 ची ट्यूब आणि वर चोक खातो ते बारा वॅट धरून 48 च्या आसपास. आणि आपल्यासारख्या छोट्या ग्राहकाचं मीटर युनिट मोजतं, अँपिअर नाही. नवीन इलेक्ट्रॉनिक चोकचा पॉवर फॅक्टर चांगला असल्यामुळे करंट एकदम कमी दिसतो, पण बचत ट्यूबमागे 16 वॅट, 67 नाही!

आमच्या 24 ट्यूबचं गणित सांगतो. त्याच्या हिशोबाने महिन्याला 400 च्या वर युनिट वाचणार होते, खरे वाचत होते 100. आठ रुपये युनिट धरलं तरी 3300 आणि 800 चा फरक. सेट 700 रुपयाला एक, एकूण 16,800, म्हणजे पाच महिन्यांत पैसे वसूल सांगितलेले ते पावणेदोन वर्षांवर गेले, आणि तेवढे दिवस माल टिकला तर ना.

टिकला नाहीच. चांगला इलेक्ट्रॉनिक चोक आधी ट्यूबची फिलामेंट गरम करतो मग पेटवतो, या स्वस्त चोकमध्ये ती सोयच नव्हती, सरळ झटका. त्यामुळे ट्यूबची टोकं काही महिन्यांतच काळी पडली, मग लुकलुकायला लागल्या, मग बंद. उजेडसुद्धा मंद. चांगली ट्रायफॉस्फर (आतून भारी पावडरचा थर असलेली) टी-5 जुन्या साध्या 36 वॅटच्या ट्यूबइतका किंवा त्याहून जास्त उजेड देते आणि रंग नीट दिसतात, आमच्या बायकांना मात्र नेव्ही ब्लू आणि काळा दोरा वेगळा ओळखता येईना, दारात उजेडात नेऊन बघायच्या. त्यात शिलाईचा माल परत आला तो वेगळाच ताप.

अजून एक, जुने चोक तो "एक्सचेंज" म्हणून किमतीतून ट्यूबमागे वीस रुपये कमी करून घेऊन गेला. तांब्याचे चोक होते हो, भंगारात जास्त मिळाले असते. काढलेल्या ट्यूब मात्र आमच्याच गळ्यात ठेवल्या, त्यात पारा असतो, भंगारवाला हातसुद्धा लावत नाही. म्हणजे किमतीचं होतं ते त्याने नेलं.

बिल त्याने सांगितलं तसं उतरेना म्हणून मेव्हण्याच्या गोडाऊनमध्ये आयटीआयच्या एका सरांनी दाखवलं ते सगळ्यांनी शिकून घ्या. तिथे जुन्याच दहा ट्यूब होत्या. बाकी सगळं बंद करून फक्त ट्यूब चालू ठेवल्या आणि मीटरचा लाल दिवा एका मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोजलं. मीटरवर 3200 इम्पल्स प्रति युनिट, म्हणजे एका युनिटला दिवा 3200 वेळा लुकलुकतो, असं छापलेलं होतं (तुमच्यावर वेगळा आकडा असू शकतो, बघून घ्या). 99 वॅटची ट्यूब असती तर मिनिटाला 53 वेळा लुकलुकायला हवा होता, झाला 26 वेळा. एक पैसा खर्च नाही आणि विकणाऱ्याचा टेस्टरही नको.

खोक्यावर पाच स्टार छापलेले होते. ट्यूबलाइटच्या खऱ्या बीईई (वीज बचतीचे स्टार देणारी सरकारी संस्था) लेबलवर मॉडेल आणि 100, 2000, 3500 तासांनंतर वॅटमागे किती लुमेन उजेड मिळतो ते आकडे असतात, नुसत्या चांदण्या नसतात. आणि दोन वर्षांच्या गॅरंटीचं कार्ड दिलेलं, त्यावरचा नंबर चौथ्या महिन्यापासून बंद.

टी-5 ट्यूब वाईट असं मी अजिबात म्हणत नाही, चांगल्या कंपनीचा माल घेतलेल्या शेजारच्या युनिटमध्ये ती व्यवस्थित चालली. पण आता कोणी एलईडी पट्टी किंवा वीज वाचवणारा डबा घेऊन आला आणि अँपिअर दाखवायला लागला, तर वॅट विचारा, मीटरच्या दिव्यावर मोजून दाखव म्हणा. डब्यात बहुतेक वेळा एक कपॅसिटर असतो, त्याने अँपिअर खाली येतात, घरच्या बिलात काही फरक पडत नाही. आणि पक्कं बिल घ्याच. आमच्याकडे कोटेशनच्या कागदावर सही होती फक्त, त्यामुळे ग्राहक हेल्पलाइन 1915 ला फोन करूनही सांगायला विक्रेत्याचा धड पत्तासुद्धा नव्हता.